छत्री, तार आणि उपमेची घाई

दोन वर्षांपूर्वीच्या आषाढात कोकणातल्या एका महाविद्यालयात 'साहित्य आणि स्थानिकता' या विषयावर चर्चासत्र होते. आम्ही श्रोत्यांत होतो. दुपारच्या सत्रात एका ज्येष्ठ वक्त्यांनी एक उपमा योजली. परकी संस्कृती ही छपरावरच्या डिशसारखी, ती आकाशातून येते आणि चार सरी कोसळल्या की नाहीशी होते. देशी संस्कृती मात्र केबलसारखी, ती माणसांच्या दारावरून, गल्लीबोळांतून तारेने येते, म्हणून पावसातही टिकून राहते, असा तिचा सारांश. त्याला जोडून त्यांनी एक विनोदही केला. लोक डिशला छत्री म्हणतात, आणि पाऊस आला की निकामी होणारी ही जगातली एकमेव छत्री होय! सभागृहाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत आम्हीही होतो, हे आधीच कबूल केलेले बरे.

घरी परतताना मात्र ती उपमा आमच्या घशाखाली उतरेना. तिच्यातील सांस्कृतिक सिद्धान्ताशी आमचे भांडण असेल-नसेल, तो वेगळा विषय. आमचा आक्षेप त्याहून प्राथमिक आहे. ज्या वस्तूच्या खांद्यावर हा सिद्धान्त बसवला होता ती वस्तू वक्त्यांनी, आणि आम्हीही, कधी नीट पाहिलेलीच नव्हती. 'पावसात डिश जाते, केबल जात नाही' हे वाक्य शिक्षककक्षांत, गृहनिर्माण संस्थांच्या सभांत आणि लग्नाच्या पंगतींत इतक्या वेळा उच्चारले जाते, की त्याला म्हणीची प्रतिष्ठा आली आहे. म्हणीला कोणी पुरावा मागत नाही. आम्ही तो येथे मागणार आहोत. कारण हे वाक्य अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्या असत्याची किंमत वादळवाऱ्यात माणसांना मोजावी लागते.

प्रथम खरा अर्धा भाग. डीटीएचचा संदेश सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडून येतो. या अवाढव्य प्रवासात त्याला अडवणारे जवळजवळ काहीच नसते. अडचण उद्भवते ती शेवटच्या पाच-सहा किलोमीटरांत. पावसाळ्यात आपल्याकडे साधारण पाच किलोमीटर उंचीपर्यंतच पाणी थेंबांच्या रूपात असते. त्याच्या वर हिमकण असतात आणि त्यांचा उपद्रव फारसा नसतो. घरगुती डिशसाठी वापरल्या जाणाऱ्या केयू बँडमधील लहरींची लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर, आणि मुसळधार पावसाचे थेंब दोन ते पाच मिलिमीटरचे. लहर जितकी आखूड, तितके थेंब तिची ऊर्जा अधिक शोषतात आणि अधिक विखुरतात. संदेश क्षीण होतो, आणि एका मर्यादेखाली गेला की डिजिटल चित्र एकदम नाहीसे होते. जुन्या अ‍ॅनालॉग दूरचित्रवाणीवर चित्रात मुंग्या येत, आवाज खरखरे, तरी बातमी कळे. डिजिटलमध्ये ही मधली अवस्था अगदी अरुंद असते. चौकोनी तुकडे पडतात, पडदा काळा होतो आणि 'सिग्नल नाही' अशी पाटी येते.

येथे दोन गैरसमज दूर करणे अवश्य आहे. एक असा, की ढग आले म्हणजे डिश जाते. नुसत्या ढगांनी फारसे काही होत नाही. दोष दाट पावसाचा असतो. दुसरा असा, की आपल्या अंगणात पाऊस नसताना चित्र गेले तर यंत्रच बिघडलेले असणार. मुंबईहून पाहिले असता ८३ अंश पूर्व रेखांशावरचा उपग्रह दक्षिण-आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ६५ अंश उंच दिसेल. संदेश त्या तिरप्या वाटेने खाली येतो. म्हणजे दोन किलोमीटर पलीकडे कोसळणारी सर आपले चित्र घालवू शकते, आणि आपल्या अंगणात तेव्हा ऊनही असू शकते. श्रावणात हा अनुभव पुष्कळांना आला असेल. तो त्यांनी यंत्राच्या खात्यावर मांडला, आकाशाच्या नव्हे, इतकेच.

आता खोटा अर्धा भाग. केबल 'जमिनीतून' येते हे मुळातच चूक आहे. केबलचालकाच्या मुख्य केंद्रावर गेलात तर गच्चीवर मोठमोठ्या तबकड्यांची रांग दिसेल. वाहिन्या तेथेही उपग्रहावरूनच उतरतात. फरक एवढाच, की त्या बहुधा सी बँडमधून उतरतात. त्या लहरींची लांबी साडेसात सेंटिमीटरांच्या आसपास असल्यामुळे पाऊस त्यांना सहसा अडवू शकत नाही. शिवाय तबकडीही घरगुती डिशच्या कित्येक पट मोठी असते. तेव्हा केबलची पावसातील प्रतिष्ठा तारेमुळे नसून एका अधिक लांब लहरीमुळे आणि एका मोठ्या तबकडीमुळे आहे. वक्त्यांनी जिला देशी म्हटले ती तार आणि जिला परकी म्हटले ती छत्री, दोन्ही एकाच आकाशाच्या ऋणाईत आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीशी येतो, आणि त्याच्या किरणोत्सर्गाच्या गोंगाटात उपग्रहाचा क्षीण संदेश काही मिनिटे बुडून जातो. तेव्हा निरभ्र आकाशाखाली, लख्ख उन्हात, केबलवरच्या वाहिन्याही जातात. केबलच्या स्थानिक मुळांचे गोडवे गाणाऱ्यांनी त्या मिनिटांचाही विचार करावा.

इतिहासही या उपमेच्या बाजूने नाही. भारतात उपग्रहावरून थेट दूरचित्रवाणी पहिल्यांदा पाहिली ती शहरी धनिकांनी नव्हे. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात 'साइट' या प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत सामुदायिक संच ठेवले गेले होते. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह त्यासाठी वापरला होता आणि खेड्यांतील तबकड्या साध्या तारेच्या जाळीच्या होत्या. त्या प्रयोगाची वारंवारता ८६० मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे लहर सुमारे ३५ सेंटिमीटर लांब. अशा लहरीपुढे पावसाचे थेंब नगण्य असतात. याचा अर्थ असा, की आकाशातून येणारे ते सर्व पावसात विरते हे विधान भारतातील पहिल्याच प्रयोगाने खोटे ठरवले होते. पुढे वाहिन्यांची संख्या वाढली, डिश खिडकीच्या गजावर मावेल इतकी लहान आणि स्वस्त हवी झाली, आणि त्यासाठी आखूड लहर पत्करली गेली. पावसातील व्यत्यय ही त्या सोयीची किंमत आहे. ती आकाशाने लादलेली नाही; बाजाराने आणि आपण मिळून केलेला तो हिशेब आहे.

मग विश्वासार्हतेचे काय? या शब्दाचा आपण फार सैल वापर करतो. 'विश्वासार्ह' म्हणजे जे वारंवार बिघडत नाही ते, की जे बिघडले तरी लवकर सुधारते ते, की जे ऐन गरजेच्या वेळी बिघडत नाही ते? तीनही वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपली म्हण त्यांतली फक्त पहिली मोजते. एक हिशेब मांडून पाहू. समजा, एखादी डिश वर्षाचा ९९.७ टक्के काळ चालते. वर्षाचे तास ८७६०. म्हणजे वर्षभरात साधारण २६ तास ती बंद राहील. हे २६ तास बारा महिन्यांत पसरले असते तर कोणाच्या ध्यानातही आले नसते. परंतु ते सगळे जून ते सप्टेंबरमध्ये येतात, आणि तेही सगळे कुटुंब घरात कोंडलेले असताना. म्हणून ते डोळ्यांत भरतात, त्यांची म्हण होते. उलट केबल वर्षभर सुरळीत चालून एखाद्या वादळानंतर २० दिवस बंद राहिली, तर ती ४८० तास बंद राहिली. टक्केवारीत ती साडेचौऱ्याण्णवावर आली. तरीही ती 'पावसात न जाणारी' म्हणून मिरवते. कारण वीस दिवसांच्या त्या मौनाचे खापर आपण वादळावर फोडतो, केबलवर नाही. डिशच्या बाबतीत मात्र दोष सरीला नाही, डिशलाच लागतो. एकाच न्यायालयात दोन कायदे चालावेत, तसे हे झाले.

हे आम्ही कागदावरच्या आकड्यांवरून बोलत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. रायगड जिल्ह्याबरोबर रत्नागिरीतील मंडणगड आणि दापोली तालुक्यांनाही त्याचा जबर तडाखा बसला. आमचे घर त्याच पट्ट्यातल्या एका गावात, बाजारपेठेलगत. आमच्याकडे केबल होती, आणि तिचा आम्हाला थोडा अभिमानही होता. चार किलोमीटरवरच्या वाडीत नातलगांकडे डिश. ३ तारखेला दुपारी दोन्ही गेले. माडपोफळी आडव्या झाल्या, कौले उडाली, विजेचे खांब मोडून पडले. वाडीतली डिश छपरावरून उखडून गोठ्यामागे पडली होती.

पुढे जे घडले ते मात्र आमच्या म्हणीत बसणारे नाही. पाचव्या दिवशी वाडीतल्या त्या घरी पुतण्याने डिश उचलून आणली, वाकलेली दांडी ठोकून सरळ केली आणि हातात पाना घेऊन तासाभराच्या खटपटीने तिचे तोंड पुन्हा उपग्रहाकडे लावले. कोणाचे तरी लहान जनित्र संध्याकाळी दीड तास चालवत. त्या दीड तासात सारी वाडी पडवीत जमून बातम्या पाही. आमच्या घरी वीज आली ती एकोणिसाव्या दिवशी, आणि केबल त्यानंतर जवळजवळ महिन्याने. त्यात केबलवाल्याचा दोष नव्हता. त्याच्या तारा ज्या खांबांवर आणि झाडांवर टेकल्या होत्या ते खांब आणि ती झाडेच उरली नव्हती. आणि तो स्वतः अर्धा महिना आपल्या घरावर ताडपत्री बांधण्यात गुंतला होता. दोष होता तो रचनेचा. डिशला वीज फक्त पाहणाऱ्याच्या घरात लागते. केबलला ती मुख्य केंद्रात लागते, वाटेवरच्या प्रत्येक वर्धकाला लागते आणि शेवटी आपल्या घरात लागते. यांतील एक दुवा निखळला की पुढची सगळी आळी अंधारात. डिशची दुरुस्ती एका घराच्या हातात असते. केबलची दुरुस्ती साऱ्या गावाच्या उभे राहण्यावर अवलंबून असते. लांबवर ताणलेली धातूची तार विजेच्या कडकडाटात वर्धक जाळून घेते, तो अनुभव वेगळाच.

येथे प्रतिपक्षाला त्याचे श्रेय देणे आम्ही टाळणार नाही. ज्या शहरात वीज सहसा जात नाही आणि तारा जमिनीखालून गेल्या आहेत, तेथे नेहमीच्या पावसाळ्यात केबलच सरस, यात शंका नाही. दादरच्या किंवा डेक्कन जिमखान्यावरच्या प्रेक्षकाने डिशला नावे ठेवली तर त्याच्या अनुभवाशी तो प्रामाणिकच आहे. पण शहराचीही एक परीक्षा झाली होती. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अनेक उपनगरांत वीज बंद ठेवावी लागली. तेव्हा मुंबईत घरोघरी केबल होती. डिश अपवादानेच दिसे. पाण्याने वेढलेल्या त्या घरांत केबलने कोणाला काय सांगितले? संच काळा, फोन मुका, आणि मूल शाळेतून निघाले की नाही हे कळायला मार्ग नाही. आपत्तीच्या वेळी जी बंद असते तिला, इतर दिवशी ती कितीही सुरळीत चालो, विश्वासार्ह म्हणावे का? आमचे उत्तर नकारार्थी आहे, आणि ते डिशलाही तितकेच लागू आहे. रेड अ‍ॅलर्टचा अर्थच मुसळधार पाऊस असा असताना, नेमक्या त्याच पावसात ज्या साधनाचा पडदा काळा होतो, त्याच्यावर धोक्याची सूचना सोपवणे हा शहाणपणा नव्हे.

मग या सगळ्या वादात हरवते ते काय? निवड कोणाला आहे, हा प्रश्न. वाड्यावस्त्या विखुरलेल्या, घराघरांत अर्ध्या कोसाचे अंतर, अशा मुलखात तार टाकणे कोणालाच परवडत नाही. सह्याद्रीच्या उतारावरच्या धनगरवाड्यांना, खाडीकाठच्या मच्छीमारांना, मेळघाटातल्या पाड्यांना 'डिश की केबल' हा पर्याय कधी मिळालाच नाही. दूरदर्शनची विनाशुल्क डीटीएच सेवा डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. ती आज डीडी फ्री डिश या नावाने चालते आणि तिला मासिक वर्गणी नाही. ज्यांना महिन्याचे शे-दोनशे रुपयेही जड जातात त्यांच्यासाठी तीच दूरचित्रवाणी. तेव्हा डिशला परकी, उपरी, पावसात पळणारी म्हणून हिणवताना आपण नकळत कोणाला हिणवतो? त्या उपमेतील 'देशी' केबल शहरातल्या बाजारपेठेची आहे आणि 'परकी' छत्री कोकणातल्या कौलांवरची आहे. स्थानिकतेच्या नावाने केलेली उपमा स्थानिकांच्याच विरोधात जाते, हे त्या सभागृहात आमच्यासह एकाच्याही लक्षात आले नाही.

आणखी एक गोष्ट या द्वंद्वाने झाकून टाकली आहे. डिश आणि केबल यांच्याखेरीज एक तिसरी वाट होती. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या सहक्षेपण केंद्रामुळे पुण्यात चित्र दिसू लागले, ते जमिनीवरच्या मनोऱ्यावरून. त्या लांब लहरींना पावसाचे सोयरसुतक नव्हते. छपरावरची काठीसारखी अँटेना वाऱ्याने फिरली, की एकाने वर चढायचे आणि खालून दुसऱ्याने 'आलं, आलं, थांब' असे ओरडायचे, हा आमच्या पिढीचा अनुभव. प्रसार भारतीने सामरिक महत्त्वाची सुमारे ५० केंद्रे वगळता उरलेली अ‍ॅनालॉग केंद्रे मार्च २०२२ अखेरपर्यंत बंद करण्याचे ठरवले. ती यंत्रे जुनी झाली होती, प्रेक्षक उरले नव्हते, हे मान्य. पण त्यांच्या जागी जमिनीवरचे डिजिटल प्रक्षेपण घरोघरी पोहोचले नाही. ते मोजक्या शहरांपुरतेच राहिले. पावसाला न जुमानणारी वाट बंद झाली तेव्हा तिच्यावर एकही अग्रलेख आमच्या वाचनात आला नाही. आपण सारे उरलेल्या दोघांपैकी श्रेष्ठ कोण, या वादात दंग होतो.

हीच गत रेडिओची. मध्यम लहरींची लांबी शेकडो मीटर. जगातला कोणताही पाऊस तिला अडवू शकत नाही. विजा चमकल्या तर खरखर होते, पण शब्द कळतो. संच दोन सेलवर चालतो. निसर्ग वादळानंतरच्या त्या पहिल्या चार दिवसांत, मोबाइलचे मनोरेही विजेअभावी बंद पडले असताना, आमच्या आळीत बाहेरची बातमी आली ती एका निवृत्त पोस्टमनकाकांच्या ट्रान्झिस्टरवरून. पण असे संच आता किती घरांत आहेत? फोनमधील एफएम रेडिओची सोय बंद करू नये, आपत्तीत तिचा उपयोग होतो, असे केंद्र सरकारला २०२३ मध्ये फोन उत्पादकांना सांगावे लागले. त्याच वर्षी देशभर फोनवर कर्कश आवाजासह आपत्तीसूचनेचे चाचणीसंदेश पाठवले गेले. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु मनोऱ्याची वीज गेल्यावर तो संदेशही पोहोचत नाही, हे आम्ही पाहिले आहे. एका साधनावर सगळा भार टाकू नये, एवढाच याचा अर्थ. पाण्याच्या वाटेवर एक बांध फुटला तर दुसरा असावा, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. ते धोरण आखणाऱ्यांना आणि त्यांच्यावर टीका करणाऱ्या आम्हा लेखणीबहाद्दरांना सांगावे लागते.

आता पुन्हा साहित्याकडे. कोणी म्हणेल, एका भाषणातील उपमेवर एवढा गहजब कशासाठी? उपमा ही उपमाच. तिला अभियांत्रिकीची परीक्षा कशाला? आमचे म्हणणे असे, की उपमेचे बळ उपमानाच्या खरेपणातून येते. आपल्या संतांनी जाते, मोट, माग, मडके यांच्या उपमा दिल्या तेव्हा ती अवजारे त्यांच्या हातांतली होती. मोटेचे पाणी कसे वर येते हे ठाऊक नसलेल्याने मोटेवर रूपक रचले असते, तर शेतकरी श्रोता हसला असता. आज आपल्या घरातील बहुतेक यंत्रे आपल्याला अंतर्बाह्य अपरिचित आहेत, आणि तरी त्यांवर सिद्धान्त रचण्यात आपण मागे नाही. श्रोतेही तितकेच अपरिचित असल्यामुळे कोणी हसत नाही, टाळ्या मात्र मिळतात. अज्ञानाचा हा व्यवहार दोन्ही बाजूंनी सोयीचा असतो. म्हणूनच तो टिकतो.

साहित्याच्या अध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना आमची विनंती इतकीच आहे. आधुनिक यंत्राला प्रतीक करण्यापूर्वी एकदा गच्चीवर जावे, केबलचालकाच्या खोलीत डोकवावे, डिश लावणाऱ्या मुलाला तो ती नेमकी कोठे रोखतो हे विचारावे. तो पाच मिनिटांत जे सांगेल त्यात चार उपमांचे साहित्य आहे, आणि त्यांतली एकही खोटी नसेल. त्याचबरोबर, आपल्या गावात पुढचे वादळ येईल तेव्हा सूचना कोणत्या वाटेने पोहोचणार आहे, असा प्रश्न ग्रामसभेत उभे राहून विचारावा. तो प्रश्न साहित्याच्या कक्षेत येत नाही असे ज्यांना वाटते त्यांच्याशी आमचा मतभेद आहे.

त्या वक्त्यांना आम्ही नंतर पत्र लिहिले. त्यांचे उत्तर आले, मोकळेपणाने लिहिलेले. उपमा मागे घेतो, असे त्यांनी कळवले, आणि त्यांच्या स्वतःच्या घरी केबल नसून डिशच आहे, असेही. असो. आम्ही यंदा मे महिन्यातच दोन सेलवर चालणारा एक रेडिओ विकत घेऊन ठेवला आहे.